शेवटच्या हातापर्यंत



कोळशाच्या खाणीत आणि कापसाच्या वावरात राबणाऱ्या आईवडिलांचे कष्ट तुमच्या या पदवीत आहेत. पहिला नमस्कार त्यांना. आज मी लशींच्या संशोधनावर बोलणार आहे. ज्ञानावर लोकांचा विश्वास कसा बसतो आणि कसा उडतो, हे त्या इतिहासात लख्ख दिसतं.

1896 साली मुंबईत प्लेग शिरला. शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात मारलेल्या जंतूंपासून लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण धाडस म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली आणि लस न घेतलेल्या कैद्यांशी त्यांची तुलना झाली. लस उपयोगी पडते, हे त्या तुलनेतून दिसलं.

पुढे 1902 साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, ते निलंबित झाले. कागदपत्रांत मात्र नोंद होती, की बाटली उघडण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये जाहीर पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. 1925 पासून मुंबईतल्या परळची संशोधन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. पण गेलेले 19 जीव परत आले नाहीत.

मित्रांनो, प्रयोगशाळेतलं ज्ञान शेवटच्या हातापर्यंत शुद्ध राहिलं, तरच ते जीव वाचवतं. बहुतेक लशींना 2 ते 8 अंश तापमान लागतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांना भिडतो. त्या उन्हात शीतपेटी खांद्याला लावून गावागावांत जाणारी परिचारिका आणि घरोघरी बाळांची यादी करणारी आशाताई शास्त्रज्ञांचंच काम पुढे नेत असतात. देशातला वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला, त्यामागे असे लाखो हात होते.

शुद्धतेचा हाच आग्रह धरणाऱ्या गाडगेबाबांचं नाव तुमच्या विद्यापीठाला आहे. हाती खराटा घेऊन त्यांनी गावं झाडली, माणसांची मनंही झाडली. त्या नावाला जागा.

तुमच्यापैकी जे संशोधनात जातील, त्यांनी मनाविरुद्ध आलेला निष्कर्षही वहीत जसाच्या तसा लिहावा. जे शिक्षक होतील, कार्यालयात किंवा खाणीवर काम करतील, त्यांनी कोणी पाहत नसतानाही आपलं काम चोख ठेवावं. आणि एखादी आई लशीबद्दल शंका विचारेल, तेव्हा तिच्यावर डाफरू नका. तिच्याजवळ बसा, पुरावा सांगा, ताप येऊ शकतो हेही सांगा. खरं सांगणाऱ्यावरच माणसं आपलं लेकरू सोपवतात.

तुमचं हार्दिक अभिनंदन!