सरहद्दीवरचे अरण्य : शुमावा



नकाशावर सरहद्द म्हणजे शाईची एक बारीक रेघ. ती रेघ अरण्यातून गेली की अरण्याचे काय होते, हे मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. त्यासाठी आपल्याला मध्य युरोपापर्यंत जावे लागेल.

झेक प्रजासत्ताक आणि जर्मनीचा बव्हेरिया प्रांत यांच्यामध्ये शुमावा नावाची डोंगररांग आहे. तिचे दक्षिणेकडचे टोक ऑस्ट्रियाला भिडते. झेक भाषेत ‘शुमेत’ म्हणजे सळसळणे. या नावाचा संबंध लोक त्या सळसळीशी जोडतात. झेक बाजूचे सर्वांत उंच शिखर १३७८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून ठेंगणेच. पण उंचीवर जाऊ नका. तेथे महिनोन् महिने बर्फ असते आणि माथ्यावर स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचे राज्य असते.

या रांगेवर पडलेला पाऊस झेक बाजूला उतरला तर व्लतावा नदीतून प्रागकडे जाऊन शेवटी उत्तर समुद्राला मिळतो; पलीकडे उतरला तर डॅन्यूबवाटे काळ्या समुद्राला. अठराव्या शतकात व्हिएन्ना शहराला सरपणाची भूक होती. व्हिएन्ना डॅन्यूबवर, आणि लाकूड मात्र उलट्या उताराच्या जंगलात! श्वार्झेनबर्ग सरदारांच्या चाकरीतल्या योझेफ रोझेनाउअर या माणसाने १७८९ साली डोंगराच्या कुशीतून कालवा खणावयास घेतला. पुढे तो सुमारे पन्नास किलोमीटर लांब झाला. त्यातून ओंडके वाहत पाणलोटाची सीमा ओलांडीत आणि डॅन्यूबच्या खोऱ्यात उतरत. माणसाने पाण्याला असे वळविले की जंगलाचे आयुष्य किती उरते, हे सांगावयास नको. तरीही याच घराण्याने, योझेफ योन या वनाधिकाऱ्याच्या आग्रहावरून, १८५८ साली बोउबीन डोंगरावरील मूळच्या रानाचा तुकडा अस्पर्श ठेवला. रान विकणारे हात रान राखणारेही असतात, ही गंमत मला फार मोठी वाटते.

आता विसाव्या शतकाकडे येऊ. शुमावाच्या सरहद्दीवरची बहुतेक वस्ती जर्मनभाषक होती. १९३८च्या म्युनिक करारानंतर हिटलरने हा पट्टा गिळला. युद्ध संपल्यावर, १९४५-४६ साली, या लोकांना घरेदारे सोडून निघावे लागले. हिटलरला हार घालणारे गेले, आणि त्यांच्याबरोबर ज्यांनी काहीच केले नव्हते असेही गेले. १९४८ साली कम्युनिस्ट राजवट आली. पुढे सरहद्दीला काटेरी तारांचे कुंपण पडले आणि काही वर्षे त्यातून विजेचा प्रवाहही सोडलेला असे. परवान्यावाचून तेथे जाण्याची सोय नव्हती. बुचिना, क्निझेत्सी प्लाने अशी गावे पाडून टाकली गेली. आज तेथे जुन्या पायांचे दगड दिसतात.

आणि माणूस हटताच रान पुढे सरकले. ओसाड कुरणांत झाडे उगवली, दलदली शांत राहिल्या. तारेने जंगल वाचविले, असे पुष्कळजण कौतुकाने म्हणतात. हे वाक्य मला अर्धेच खरे वाटते. ज्या बाईने चुलीवरचे भांडे तसेच टाकून गाव सोडले असेल, तिच्यापुढे ते उच्चारण्याचे धैर्य मला होणार नाही.

कुंपणाच्या आतील बाजूलाच सरकारने १९६३ साली शुमावाला ‘संरक्षित भूप्रदेश’ ठरविले. अशा प्रदेशात केवळ निबिड रान येत नाही. कुरणे, वाड्या, शेते यांसह सगळ्या मुलखाचा चेहरामोहरा राखावयाचा असतो. पलीकडे बव्हेरियाने १९७० साली जर्मनीतील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापले. १९८९ साली लोखंडी पडदा कोसळला आणि १९९१ साली झेक बाजूच्या गाभ्याचेही राष्ट्रीय उद्यान झाले. भोवतालचा भाग संरक्षित भूप्रदेश म्हणूनच राहिला.

कुंपण गेले. पण आपल्या सांबराच्या कुळातली जी तांबडी हरणे तेथे आहेत, त्यांच्या गळ्यांत यंत्रे बांधून शास्त्रज्ञांनी त्यांचा माग काढला, तेव्हा पंचवीस वर्षांनंतरही बहुतेक हरणे त्या जुन्या रेषेपाशी मागे फिरत होती. त्यांच्यापैकी एकीनेही तार पाहिलेली नव्हती! पाडस आईच्या मागून चालते, आणि आईची वाट तेवढीच असते. लिंक्स नावाचे रानमांजर मात्र दोन्हीकडे सारखेच हिंडते. ते येथून नाहीसे झाले होते. १९८०च्या दशकात स्लोव्हाकियातून आणून पुन्हा सोडले.

खरा तंटा मात्र एका किड्यावरून झाला. स्प्रूसच्या सालीखाली राहणारा हा भुंगा तांदळाच्या दाण्याएवढा. वादळात झाडे पडली की तो माजतो. १८७० साली असेच झाले होते. बव्हेरियाच्या उद्यानात १९८३च्या वादळानंतर पडलेली झाडे उचलू नयेत असे ठरले, तेव्हा गावकरी चवताळले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. ज्याच्या आजोबांनी झाड लावले, त्याला ते वाळताना बघवत नाही. पुढे जानेवारी २००७ मध्ये ‘किरिल’ वादळाने दोन्ही बाजूंची लक्षावधी झाडे लोळविली. झेक बाजूला कोठे तोडावे आणि कोठे सोडावे यावरून राजकारण पेटले. २०११ साली तर काही तरुण तोडीपासून वाचविण्यासाठी झाडांनाच जखडून घेऊन उभे राहिले.

अशा माथ्यावर आजही राखाडी, साल गळालेले बुंधे दिसतात. प्रवासी हळहळतो. पण तो वाकून पाहील, तर कुजलेल्या ओंडक्यांच्या पाठीवर, गवताच्या गर्दीपासून वर, स्प्रूसची बोटभर रोपे ओळीने उभी दिसतील. लागवडीच्या रोपांसारखी ती एका वयाची नाहीत, आणि त्यांच्यात रोवन नावाचे तांबड्या फळांचे झाडही आहे. पाखरांनी आणून टाकलेले.