सव्वीस नट



संयोजकांनी सांगितलं, "करिअरवर दहा मिनिटं बोल." सॉफ्टवेअरवर बोलले तर मागच्या रांगा थेट जेवणाच्या मंडपात जातील, म्हणून मी माझ्या ट्रकबद्दल बोलते. ट्रक म्हणजे दहाचाकी नव्हे. अमेरिकेत मागे हौदा असलेल्या पिकअपलाही ट्रकच म्हणतात. माझा 2006 चा डॉज राम आहे. इंजिन 5.9 लिटरचं, सहा सिलिंडरचं, टर्बो डिझेल, कमिन्सचं. कोथरूडच्या मुलांना हे नाव समजावून सांगायला नको. आपल्यापैकी कितीतरी जणांचे डबे किर्लोस्कर कमिन्सच्या पगारावर भरले, माझाही.

मी डेन्व्हरला राहते. याच गाडीने लेकीला शाळेत सोडते, ऑफिसला जाते आणि सुटीत मागे कॅम्पर जोडून डोंगरात जाते. चढावर ताकद कमी पडते असं मला वाटलं. इंजिनाचा कॉम्प्युटर म्हणजे तर आपलंच क्षेत्र! एक तयार प्रोग्रॅम आणला, लॅपटॉप जोडला आणि पंधरा मिनिटांत डिझेल वाढलं, बूस्ट जवळजवळ दुप्पट झाला. फार खूश होते मी.

दोन-तीन महिन्यांनी कूलंट कमी व्हायला लागलं. खाली एक थेंब नाही. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की लगेच रेडिएटरचा पाइप दगडासारखा कडक. हे सगळं दिसत होतं आणि मी नुसतं कूलंट भरत राहिले. मग आयझेनहॉवर बोगद्याच्या चढावर, 11,000 फुटांच्या आसपास, मागे कॅम्पर आणि शेजारी लेक असताना तापमानाची सुई वर चढली. दीड तास कडेला उभ्या होतो. शेजारून मालट्रक गेला की आमची गाडी हलायची. लेक काही बोलली नाही, नुसता माझा हात धरून बसली.

अशा वेळी सगळे म्हणतात, हेड गॅस्केट गेलं. गॅस्केट बिचारं काय करणार? हिशोब करा. सिलिंडरचा व्यास 102 मिलिमीटर. आत 150 बार दाब धरला तर एकेका सिलिंडरमध्ये हेडला वर ढकलणारा जोर होतो सुमारे साडेबारा टन, आणि 2000 आरपीएमला हे मिनिटाला हजार वेळा. हेड खाली धरून ठेवतात सव्वीस बोल्ट. बोल्ट आवळतो म्हणजे आपण तो किंचित ताणतो. तो स्प्रिंगसारखा परत आखडू पाहतो आणि त्या ओढीने हेड दाबून बसतं. मी दाब वाढवला, ओढ तेवढीच ठेवली. हेड केसभर उचललं गेलं आणि गॅस पाण्याच्या वाटेत शिरला. त्यात इंजिनाची चूक नव्हती. ऑफिसात चुकलेला बदल मी दोन मिनिटांत मागे घेते. इथे तसं बटण नव्हतं.

नुसतं गॅस्केट बदललं असतं तर ते पुन्हा गेलंच असतं. म्हणून बहुपदरी स्टीलचं गॅस्केट आणलं आणि बोल्टऐवजी एआरपीचे स्टड. बोल्ट आवळताना ताणला जातो आणि पिळलाही जातो. स्टड ब्लॉकमध्ये हातानेच बसवायचा; मग वरचा नट त्याला जवळपास सरळ वर ओढतो. हेड मशिन शॉपमध्ये घासून सपाट केलं, म्हणून गॅस्केट पाव मिलिमीटर जाड घेतलं. शर्यतवाले हेडमध्ये खाच पाडून तारेची रिंग बसवतात. रोज शाळेत जाणाऱ्या गाडीला ते सोंग नको.

दोन वीकएंड गॅरेजमध्ये गेले. बाबा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर. त्यांनी आयुष्यभर जनरेटरची मोठी इंजिनं जोडली, पण घरी त्याबद्दल कधी बोलले नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही. मधल्या नटापासून बाहेर बाहेर जात, तीन टप्प्यांत 125 फूट-पाउंड. रात्री अकराला शेवटच्या नटावर टॉर्क रेंच 'टक्' वाजला.

बाबांनी विचारलं, "आट्यांना काय लावलंयस?"

"इंजिन ऑइल."

"डब्यातली ट्यूब कुठाय?"

ती न उघडता तशीच पडली होती. 125 चा आकडा त्या वंगणासाठी होता. नटावर लावलेल्या जोरातला बहुतेक भाग घर्षणातच खर्च होतो, जेमतेम दहावा हिस्सा स्टड ताणतो. वंगण बदललं की रेंच तेवढ्यालाच वाजतो, पकड मात्र कमी भरते. माझी टेस्ट पास झाली होती, पण ती भलतंच काही मोजत होती.

मी म्हटलं, "बाबा, चालेल ना?" ते काहीच बोलले नाहीत. आठवीत मुलं टेक्निकलच्या वर्कशॉपमध्ये कानस मारत होती तेव्हा आम्ही मुली शिवणाला होतो. त्याचा राग मला अजून आहे, बाई समोर बसल्यात तरी सांगते. पण "उसव आणि परत घाल" हे मी त्यांच्याकडूनच शिकले. सव्वीसच्या सव्वीस नट सोडले. आटे पुसले, आटे, वॉशर आणि नटाच्या खालच्या बाजूला ट्यूबमधलं वंगण लावलं आणि पुन्हा मधून सुरुवात केली. सुदैवाने हे स्टड मर्यादेपलीकडे ताणलेले नव्हते, तेच पुन्हा चालले. पहाटे दोन वाजले. बाबांचा दुपारचा चहा थंड होऊन गेला होता. त्यांनी फोन ठेवला नाही.

इंजिन सुरू करायच्या आधी तो प्रोग्रॅम काढून मूळचा परत घातला. चढावर आता उजव्या लेनमधून हळू जाते, मागून येणारे हॉर्न देतात. गेल्या उन्हाळ्यात बाबा आले होते, त्याच बोगद्यावरून गेलो. ते रस्ताभर खिडकीबाहेर न बघता सुईकडेच बघत होते. सुई हलली नाही. कूलंटची पातळी मी अजून दर रविवारी बघते.