आधी साखर मोजा, मग खो-खो



संयोजक म्हणाले, तू कॉम्प्युटरवर बोल. पण समोर आपले शिक्षक आहेत, आपल्यातलेही काही जण आता शिक्षक झालेत. म्हणून मी मधुमेहावर आणि खो-खोवर बोलणार आहे.

माझ्या मुलीला नवव्या वर्षी टाइप 1 मधुमेह झाला. हा गोड खाऊन होत नाही. शरीरच इन्सुलिन तयार करणाऱ्या आपल्या पेशी नष्ट करतं. मग इन्सुलिन बाहेरून टोचावं लागतं, रोज, जन्मभर. 1922 साली हे औषध पहिल्यांदा दिलं गेलं ते 14 वर्षांच्या एका मुलालाच. त्याआधी अशी मुलं फार काळ जगत नसत.

निदानानंतर तिच्या शाळेने खेळाच्या तासाला तिला बाकावर बसवलं. हेतू काळजीचाच होता. पण पोरगी घुमी झाली. बोट पुढे करेना, आकडा लपवू लागली. डॉक्टर म्हणाल्या, खेळू द्या, फक्त मोजून. तिने खो-खो निवडला. (मी स्वतः पहिल्याच मिनिटाला बाद व्हायचे, साक्षीदार समोर बसलेत.)

धावताना स्नायू साखर ओढून घेतात, ती उतरते, कधी कधी रात्री झोपेतही. उलट चुरशीच्या सामन्यात ताणामुळे ती आधी चढते. हे सगळं तिने वहीत टिपलं: सरावाआधी किती, नंतर किती, काय खाल्लं. आमच्या धंद्यात याला लॉग म्हणतात, आणि तो लिहायला माझे सहकारीसुद्धा कंटाळतात! आकडा कमी असला तर आधी केळं. 250 च्या वर असला तर कीटोन तपासायचे, ते निघाले तर त्या दिवशी खेळ बंद. माझ्या सांगण्याने तिने हे कधी केलं नसतं. मैदानावर उतरायचं होतं म्हणून केलं. आजार तोच आहे, दिवसाला चार इंजेक्शनंही तीच. बोट मात्र आता ती स्वतः टोचते.

अमेरिकन जलतरणपटू गॅरी हॉल ज्युनियरला 1999 मध्ये हाच मधुमेह झाला आणि 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवलं. पण पदकांचे दाखले मला फारसे पटत नाहीत, मुलांवर उगाच ओझं होतं.

परतूरच्या पालकांसाठी सांगते, छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' ही संस्था अशा मुलांसाठी काम करते. रेल्वे आपल्या दारातच आहे. घरी फ्रिज नसेल तर इन्सुलिन मातीच्या मडक्यात गार ठेवता येतं. माठाची महती मराठवाड्याला मी काय सांगावी!

सर, बाई, एक विनंती. खेळाच्या सामानाच्या कपाटात साखरेची बरणी ठेवा. असं मूल घामाघूम झालं, थरथरू लागलं, विनाकारण चिडलं, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. पहिली बरणी मी आणली आहे, मागच्या टेबलावर ठेवली आहे.