स्मेथिकची मद्यगृहे आणि त्यांतील भिंती
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



भंडारी ज्ञातीच्या व्यासपीठावरून इंग्लंडातील एका गावच्या मद्यगृहांविषयी बोलावे, हे काही मंडळींस विपरीत वाटेल याची आम्हांस कल्पना आहे. माडी काढणे हा आपल्या पूर्वजांचा व्यवसाय. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने आणि झाडांवरील कराने त्या व्यवसायाचे कंबरडे मोडले, आणि पुढे शाळा-कचेऱ्यांच्या वाटेला लागलेल्या पिढ्यांनी कोयता व गाडगे यांचे नाव काढणेही टाळले. परंतु आज आम्ही जे सांगणार आहोत ते पेयासंबंधी नसून पेय जेथे मिळते त्या घरासंबंधी आहे. ‘पब’ हे ‘पब्लिक हाऊस’ या शब्दांचे संक्षिप्त रूप होय. शब्दशः अर्थ ‘सार्वजनिक घर’. आपण त्यास ‘गुत्ता’ म्हणून मोकळे होतो. वस्तुतः गुत्त्यात मनुष्य तोंड लपवून जातो. पबमध्ये तो शेजाऱ्याची विचारपूस करण्यासाठी, वर्तमानपत्र वाचण्यासाठी आणि कामगारसंघाची वर्गणी भरण्यासाठीही जात असे. घर सार्वजनिक खरे. मात्र त्या सार्वजनिकपणात कोणाकोणाची गणना होत असे, हाच आमचा विषय आहे.

बर्मिंगहॅमच्या पश्चिमेस अगदी लागून स्मेथिक हे गाव आहे. ते कालव्यांवर आणि भट्ट्यांवर वाढले. १७६९ मध्ये ब्रिंडलीचा कालवा येथपर्यंत आला. १८२९ मध्ये टेलफर्डने नवा कालवा खोल खणून काढला व त्यावर दीडशे फूट गाळ्याचा लोखंडी गॉल्टन पूल टाकला, तो आजही उभा आहे. बोल्टन आणि वॉट यांचा सोहो ओतशाळेचा कारखाना १७९६ चा. १८५१ च्या लंडनमधील स्फटिकप्रासादाची काच याच गावच्या चान्स बंधूंच्या कारखान्यात झाली. जेथे दिवसभर वितळलेल्या धातूपुढे आणि काचेच्या भट्टीपुढे माणसे घाम गाळीत, तेथे संध्याकाळी बिअरचा पेला हा चैनीचा नव्हे तर तहानेचा विषय होता. त्यामुळे कारखान्याच्या फाटकासमोर, गल्लीच्या तोंडाशी, कालव्याच्या घाटावर, जेथे पाहावे तेथे पब. केप हिल या चढावरील मिचेल्स अँड बटलर्स या मद्यनिर्मात्यांचा कारखाना तर गावाचे दुसरे दैवतच होता. हेन्री मिचेल आणि विल्यम बटलर यांच्या पेढ्या १८९८ मध्ये एक झाल्या. तो कारखाना २००२ मध्ये बंद पडला, आणि आज त्या जागी घरे आहेत.

याच पेढीने १९०७ मध्ये केप हिल येथे ‘वॉटर्लू हॉटेल’ बांधले. तळघरातील भोजनगृहाच्या भिंती रंगीत, चकचकीत फरशांनी मढविलेल्या. कामगारवस्तीत असले राजवाड्यासारखे घर बांधण्यात पेढीचा हिशेब होता: न्यायाधीशांकडून परवाना टिकवावयाचा तर मद्यगृह स्वच्छ, प्रशस्त आणि प्रतिष्ठित दिसले पाहिजे.

आता आतील रचना पाहावी, कारण खरी मेख तिच्यात आहे. त्या काळचा पब म्हणजे एक दालन नव्हे. रस्त्यालगतच्या दाराने आत गेले की ‘बार’ लागे: साध्या फळ्यांची जमीन, लाकडी बाके, कामावरचे मळलेले कपडे चालत. दुसऱ्या दाराने गेले की ‘स्मोक रूम’: गादीची आसने, शेगडी, आरसे, आणि तीच बिअर पेल्यामागे थोड्या अधिक दराने. कोठे ‘लाउंज’, कोठे चार माणसे मावतील एवढी ‘स्नग’, आणि बाहेरच्या बाहेर भांडे भरून नेणाऱ्यांसाठी एक खिडकी. एकच पिंप, एकच नळ, एकच मालक; मात्र तीन-चार दारे. काही ठिकाणी तर पिणाऱ्याचे तोंड वाढणाऱ्यासही दिसू नये म्हणून काउंटरवर फिरत्या धुरकट काचा बसविलेल्या असत. त्यांना इंग्रज लोक ‘स्नॉब स्क्रीन’ म्हणत. आपणही सोवळ्याचा पडदा म्हणण्यास हरकत नाही. कोणी कोठे बसावे हे दारावर लिहिलेले नसे, तरी लोहाराच्या पोरासही ते पाठ असे. कित्ते, हेटकरी, गावड, मोरे अशा खोल्या एकाच छपराखाली बांधून राहिलेल्या आपल्या ज्ञातीस हे समजण्यास फारसे कठीण जाऊ नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर ओतशाळांना माणसे कमी पडू लागली, आणि पंजाबातून, विशेषतः जालंधरच्या बाजूने, तरुण शेतकरी स्मेथिकला येऊ लागले. भट्टीपुढची सर्वांत तापदायक, सर्वांत मळकट कामे त्यांच्या वाट्याला आली. त्यांनाही तहान लागे. परंतु पबमध्ये गेल्यावर त्यांना कळले की त्यांची जागा बारमध्ये, स्मोक रूममध्ये नव्हे. आणि काही ठिकाणी तर बारमध्येही नव्हे. याला कायद्याचा आधार नव्हता, आणि प्रतिबंधही नव्हता. मालकाची मर्जी, एवढेच.

यावर ‘इंडियन वर्कर्स असोसिएशन’ या कामगारसंघटनेने योजलेली युक्ती आम्हांस फार मोलाची वाटते. तिचे पुढारी अवतारसिंग जोहल हे १९५८ मध्ये या गावी आले, ओतशाळेत कामास लागले, आणि २०२२ मध्ये निवर्तले. ते व त्यांचे सहकारी विद्यापीठातील गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेत. विद्यार्थ्यांनी आधी जाऊन पेले मागावयाचे. ते बिनतक्रार मिळत. मागाहून भारतीय मंडळी येत, आणि तेवढ्यातच मालकास ‘नियम’ आठवत. दोन्ही व्यवहार साक्षीदारांसमक्ष घडलेले असत. मग परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी न्यायाधीशांपुढे हरकत नोंदवावयाची. आरडाओरडा नाही, दगडफेक नाही, केवळ पुरावा. सत्याग्रहाची ही एक पक्की कारकुनी तऱ्हाच होय.

१९६४ च्या निवडणुकीने हे आडबाजूचे गाव जगाच्या वर्तमानपत्रांत आणले. सर्व देशात मजूर पक्षाची सरशी होत असता स्मेथिकमध्ये त्या पक्षाचे नियोजित परराष्ट्रमंत्री पॅट्रिक गॉर्डन वॉकर यांचा पराभव होऊन पीटर ग्रिफिथ्स निवडून आले; प्रचारात वर्णद्वेषाच्या ज्या घोषणा फिरल्या त्यांचा उच्चार या सभेत करणे नको. पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी पार्लमेंटात नव्या सभासदास ‘संसदेतील कुष्ठरोगी’ अशा अर्थाचे विशेषण लाविले. एका बहिष्काराचा निषेध करण्यासाठी दुसऱ्या बहिष्काराचीच उपमा सुचावी, ही गोष्ट मनुष्यस्वभावावर प्रकाश टाकणारी आहे.

याच सुमारास मार्शल स्ट्रीट या साध्या विटांच्या चाळवजा घरांच्या रस्त्यावरील रिकामी होणारी घरे नगरपालिकेने विकत घेऊन केवळ गोऱ्या कुटुंबांस द्यावीत, अशी योजना पुढे आली. गृहनिर्माणमंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी त्यासाठी कर्जाची परवानगी नाकारली. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतील नीग्रो चळवळीचे पुढारी माल्कम एक्स संघटनेच्या निमंत्रणावरून हा रस्ता पाहावयास आले. तेथून मंडळी हाय स्ट्रीटवरील ‘ब्लू गेट्स’ या पबच्या स्मोक रूममध्ये गेली. उत्तर ठरलेलेच मिळाले: येथे नाही, पलीकडे बारमध्ये. जो मनुष्य मद्याला स्पर्शही करीत नव्हता, त्यास मद्यगृहाच्या कोणत्या खोलीत बसावे हे शिकविण्यात आले! नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला. मार्शल स्ट्रीटवर त्यांच्या भेटीचा निळा स्मृतिफलक २०१२ मध्ये बसविण्यात आला.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वंशसंबंधविषयक कायदा संमत झाला. हॉटेले, उपाहारगृहे, पब, नाटकगृहे अशा सार्वजनिक ठिकाणी वर्णभेद करणे बेकायदेशीर ठरले. नोकरी आणि घरे मात्र त्यातून वगळली होती. ती १९६८ च्या कायद्याने आत आली. म्हणजे मार्शल स्ट्रीटवरील मनुष्यास पेला तीन वर्षे आधी मिळाला, आणि छप्पर मागाहून.

येथे आपल्याच एका पूर्वसूरीचे स्मरण केल्यावाचून पुढे जाववत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी, म्हणजे त्या इंग्रजी कायद्याच्या बेचाळीस वर्षे आधी, मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात असा ठराव संमत झाला. तो मांडणारे रावबहादूर सीताराम केशव बोले हे भंडारी. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यास अनुसरून चवदार तळे खुले केले ते कागदावर. ते पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी तळ्यावर जावे लागले. बोल्यांचे नाव आपण आपल्या प्रत्येक स्मरणिकेत छापतो. तेव्हा आपल्या मंडळाचे सभागृह लग्नकार्यासाठी ज्ञातीबाहेरच्या, विशेषतः काही ठराविक वस्त्यांतल्या लोकांनी मागितले असता ‘तारीख रिकामी नाही’ असे उत्तर का मिळते, हे कार्यकारिणीने एकदा नोंदवही उघडून पाहावे, अशी आमची जाहीर विनंती आहे. लागल्यास जोहलांची दोन साक्षीदारांची पद्धत वापरावी.

स्मेथिकमधील भारतीयांनीही आपापल्या खोल्या बरोबर नेल्याच होत्या. १९६१ मध्ये हाय स्ट्रीटवर जुन्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात गुरुद्वारा स्थापन झाला; पण रविदासपंथीयांना मिडलंड्समध्ये आपली वेगळी मंदिरे उभारावी लागली. जातिभेद हा वंशभेदाचाच प्रकार मानावा अशी तरतूद करण्यास पार्लमेंटाने २०१३ मध्ये सांगितले. २०१८ मध्ये तेथील सरकारने ती न करण्याचे ठरविले. हिंदू संस्थांनीच तिला विरोध केला होता, हे सांगणे आम्हांस प्रिय नाही, पण ते खरे आहे.

पुढे त्या पबांचे काय झाले? ओतशाळा बंद पडल्या, गोरे गिऱ्हाईक पांगले, आणि पूर्वी ज्यांना स्मोक रूमच्या दारातून परतविले त्यांच्यापैकीच काहींनी पबांचे परवाने आपल्या नावावर करून घेतले. त्यांना आता ‘देसी पब’ म्हणतात. डेव्हिड जेसुदासन यांनी २०२३ मध्ये त्यांवर एक ग्रंथच लिहिला आहे. बिअरबरोबर तव्यावर चुरचुरत येणारे कोंबडीचे व मेंढ्याचे तुकडे, मासे आणि कांदा, यास ‘मिक्स्ड ग्रिल’ म्हणतात. ते खाण्यासाठी आता गोरी कुटुंबेही लांबून येतात. खोल्यांमधील भिंती बहुतेक ठिकाणी निघून गेल्या. त्या काढण्यात समतेचा हेतू असल्याचे कोणी समजू नये. एकच नोकर सर्व दालनावर नजर ठेवू शकेल आणि पगार वाचेल, या हिशेबाने मद्यपेढ्यांनी स्वतःच त्या पाडून टाकल्या.