खेळाडूची काठी

बिलियर्ड्स, स्नूकर किंवा पूल खेळताना टेबल आणि चेंडू दोन्ही खेळाडूंना सारखेच मिळतात. स्वतःचे म्हणावे असे साधन एकच, ते म्हणजे क्यू ही काठी. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यास आणि पुन्हा १९६४ साली हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. त्यांच्यासारख्यांचे कौशल्यही अखेर याच काठीच्या टोकातून प्रकट होते.

काठी निवडताना नक्षीकडे पाहू नये. ती बहुधा मेपल किंवा अ‍ॅश या लाकडाची असते. एक डोळा मिटून बाणासारखी तिची सरळ रेषा पाहावी. मग टेबलावर लोळवावी. टोकाखालची फट कमीअधिक होऊ लागली, तर लाकडात वाक आहे असे समजावे. पूलचे चेंडू स्नूकरच्या चेंडूंहून मोठे व जड, म्हणून पूलच्या काठीचे टोकही जाड, सुमारे १३ मिलिमीटरचे. स्नूकरचे ९ ते १० मिलिमीटरचे पुरते.

आता कल्पना करा, मुंबईच्या दमट हवेतला एखादा खेळाडू मे महिन्यात जयपूरला उतरला आहे. बाहेर लू वाहते आहे, आत कूलरचा ओला वारा. लाकूड हवेप्रमाणे ओलावा घेते आणि सोडते; त्याचा आकार बदलतो तो प्रामुख्याने तंतूंच्या आडव्या दिशेने. एका बाजूने अधिक सुकले की ते वाकते. म्हणून काठी भिंतीला तिरपी टेकवू नये, उन्हातल्या मोटारीत ठेवू नये, कूलरसमोर तर नाहीच. पेटीत आडवी ठेवावी, आणि सामन्याआधी एखादा दिवस तिला तिथल्या हवेची सवय होऊ द्यावी.

घामाने काठी चिकट झाली, की पुष्कळजण काचकागद हाती घेतात. घासून गेलेले लाकूड परत येत नाही. किंचित ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्या फडक्याने पुसावे, एवढे पुरे. टोकाला चामडे बसविण्याच्या युक्तीचे श्रेय मिंगो या फ्रेंच खेळाडूस दिले जाते. ते चामडे गोलसर राखावे व त्याला नियमाने खडू लावावा. नाहीतर टोक चेंडूवरून निसटते.

ही निगा फार खर्चाची नाही. काठी निर्दोष असली, म्हणजे हुकलेल्या फटक्याचा दोष हाताकडेच येतो. आणि हाताचा दोष सरावाने सुधारता येतो.