मामा-मामींचे देणे
(जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. तालुका कचेरीत कारकुनी करणारा माणूस. फायलीवर टिपण लिहिणे सोपे, माईकसमोर उभे राहणे कठीण. तरी समितीने आग्रह केला म्हणून दोन शब्द बोलतो.

मी या गावचा भाचा. वडील वारले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आई मला घेऊन यवतमाळकडून येणाऱ्या शकुंतलेने मूर्तिजापूरला उतरली. तेव्हा गाडीला कोळशाचे इंजिन होते, डिझेल १९९४ साली आले. आज ती गाडीही बंद आहे. स्टेशनवर मामा बैलगाडी घेऊन उभे होते. "चाल बाप्पा, घरी चाल," एवढेच बोलले. त्या दिवसापासून त्यांचे घर ते माझे घर झाले.

आपल्या तालुक्याला ही गोष्ट नवी नाही. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावी जन्मलेले डेबूजी वडिलांच्या पश्चात आपल्याच तालुक्यातील दापुऱ्याला मामाकडे वाढले, त्यांनी तेथे गुरे राखली, शेती केली. पुढे जग त्यांना गाडगे महाराज म्हणू लागले. सगळेच भाचे तसे निघत नाहीत, हे मी माझ्यावरून सांगतो.

मामांची तीन एकर कोरडवाहू शेती. मामीच्या हातच्या ज्वारीच्या कण्या आणि ताक यावर आम्ही वाढलो. आधी मला वाढायचे, मग स्वतःच्या लेकरांना, हा तिचा नियम होता.

१९९२ साली मी सातवीत होतो. काकड्याच्या समाप्तीची वर्गणी मामांकडे जमा असे. पत्र्याचा डबा देव्हाऱ्याखाली राही. त्यातून मी सत्तावीस रुपये काढले. अठरा रुपयांची कंपासपेटी घेतली. उरलेल्या नऊ रुपयांत मूर्तिजापूरला भजी खाल्ली, सिनेमा पाहिला.

याच मारुतीच्या पारावर हिशेब झाला. सत्तावीस रुपये कमी भरले. कोणी उघड बोलले नाही, पण कुजबुज झाली. मामा म्हणाले, "मोजन्यात माह्याकडूनच चूक झाली असन. भरून देतो." मी खांबाआड उभा होतो. पुढे आलो नाही.

कंपासपेटी मामीला दप्तरात सापडली होती. तिने मला मारले नाही. म्हणाली, "आनली तं अभ्यास कर. पन देवाचं देनं घरात नोको ठेवू." दुसऱ्या दिवसापासून चार दिवस ती दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला गेली. मजुरीचे पैसे मामांनी पंचांपुढे मोजून दिले. पुढल्या वर्षी डबा दुसऱ्या घरी गेला. मामांनी त्यानंतर कधी वर्गणीला हात लावला नाही आणि कारणही सांगितले नाही.

त्याच कंपासपेटीवर मी १९९६ साली एस.एस.सी. पास झालो. नोकरी लागली. रोज रुपया-रुपयाची पावती फाडतो, कीर्द जुळल्याशिवाय उठत नाही. साहेब म्हणतात, फार काटेकोर माणूस. कुठे शिकलो, ते त्यांना ठाऊक नाही.

आज मामा नाहीत, मामीही नाही. त्यांच्या हयातीत बोलायचे धैर्य झाले नाही, ही माझी मोठी चूक. म्हणून आज देवासमोर, गावासमोर सांगतो : डब्यातले पैसे मी घेतले होते. माझ्या मामांचा हिशेब चोख होता. ज्यांनी तेव्हा मनात काही आणले असेल, त्यांनी ते आज काढून टाकावे.

सभामंडपाच्या एका खांबाचा खर्च मी दिला आहे. समितीला विनंती, की त्यावर माझे नाव नको, मामा-मामींचे घालावे. ज्या खांबाआड मी लपलो तो जुना लाकडी खांब आता राहिला नाही. नवा त्याच जागी उभा आहे.

बोलताना काही कमी-जास्त झाले असल्यास क्षमा असावी. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

बोला, बजरंगबली की जय!