मक्याचे निर्णायक पंधरा दिवस



बंगळुरूच्या जे. पी. नगरातील कृषितज्ज्ञ आणि शेतकऱ्यांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मक्यावर बोलायला बंगळुरू ही योग्य जागा आहे. दावणगेरे, हावेरी, चित्रदुर्ग हा मक्याचा मोठा पट्टा याच राज्यातला. इकडे बेळगावपासून सांगली, नाशिक, जळगावपर्यंतचा मराठी शेतकरीही या पिकावर विसंबून आहे.

हवामानाचा विषय निघाला की आपण हंगामाचा एकूण पाऊस मोजतो. पण पावसाने सरासरी गाठली तरी मका हातचा जाऊ शकतो. खरिपाचा मका साधारण पन्नास-साठ दिवसांनी तुऱ्यावर येतो. तुऱ्यातले पराग आठवडाभर झडतात. त्याच दिवसांत कणसाचे केस बाहेर पडावे लागतात, कारण एकेका केसामागे एकेक दाणा भरतो. नेमका तेव्हा पाण्याचा ताण बसला तर केस उशिरा येतात आणि तोवर पराग संपलेला असतो. कणीस बाहेरून भरल्यासारखे दिसते, सोलले की शेंडा बोडका निघतो.

2023चा ऑगस्ट हा 1901पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. जून-जुलैत पेरलेला मका तेव्हाच तुऱ्याला आला होता. त्या वर्षी कर्नाटकाने 236पैकी 223 तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले.

उघडीप लांबली की कीडही बळावते. अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम आढळली ती 2018मध्ये, कर्नाटकातच, आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रात पोहोचली. ही अळी पोंग्यात दडून शेंडा कुरतडते. जोराच्या सरींनी लहान अळ्या धुऊन जातात, कोरड्या दिवसांत त्यांचे फावते.

जास्तीचा पाऊसही मक्याला मानवत नाही. भारी जमिनीत दोन-तीन दिवस पाणी तुंबले की मुळे गुदमरतात. काढणीच्या वेळी ऑक्टोबरात पाऊस झाला तर कणसांना बुरशी लागते, आणि ओल जास्त म्हणून व्यापारी भाव पाडतो. 2024-25 साठी हमीभाव 2,225 रुपये क्विंटल होता, पण भिजलेल्या मक्याला तो कोण देणार?

मित्रहो, माहितीची वाण आपल्याकडे नाही. कर्नाटकात ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक आहेत, महाराष्ट्रात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. या आकड्यांचा शेतकऱ्याला वेळेवर उपयोग होत नाही, हे आपले खरे दुखणे आहे. ‘पाऊस सरासरीपेक्षा कमी राहील’ एवढ्याने त्याचे भागत नाही. ‘तुमचा मका तुऱ्यावर आहे, पुढचा आठवडा कोरडा जाईल, शेततळ्यातले एक पाणी आत्ताच द्या’ असे त्याला कोणीतरी सांगायला हवे. सीमाभागातल्या निपाणी-खानापूरच्या मराठी शेतकऱ्याला तर ते मराठीतही मिळायला हवे.

म्हणून माझे तीन आग्रह आहेत. हवामानाचा सल्ला पिकाच्या अवस्थेप्रमाणे द्यावा. पीकविम्यात तुऱ्याच्या काळातला पावसाचा खंड वेगळा धरावा. आणि गावोगावी मका वाळवण्याची सामाईक सोय व्हावी. यांतले पहिले काम सरकारची वाट न पाहता आपण तज्ज्ञ मंडळी येत्या खरिपातच सुरू करू शकतो. या संमेलनातून उठताना प्रत्येकाने किमान एका गावाची जबाबदारी घ्यावी, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.